दिसतं, पण तिथं नाही

डोंगरकडा,
३ ऑगस्ट २०२५

चि. ऐश्वर्या हिस,
आजीचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक आहे. पाऊस आहे, चिखल आहे, लाईट नाही. तुझ्या बापाचा रोज पुण्याहून फोन येतो, "आई, घराला कुलूप लाव आणि इकडे ये." मी रोज "बघू" म्हणते. त्यालाही कळतं की बघू म्हणजे नाही, पण पोरगं चिकाटी सोडत नाही. तुझ्या होस्टेलच्या मेसमध्ये आता तरी वरणात डाळ सापडते का?

तू म्हणशील, हातात मोबाईल असताना आज्जी पत्र काहून लिहून राहिली. फोनवर बोललं की भिंतीपलीकडे रूपाबाईच्या घरात ऐकू जातं, आणि मला तिच्याबद्दलच विचारायचंय. अक्षर मोठं आलंय, ओळी वर-खाली पळाल्यात, त्याचं नवल करू नकोस. चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी काही नाही.

तू आवाज भरून पाठवलेले तुझ्या तासाचे किस्से ऐकले. वर्गाला कुलूप लावल्यावर आतलं टेबल असतं की नसतं, यावर तुमच्या सरांनी म्हणे अख्खा तास खाल्ला. मला आधी हसू आलं. पस्तीस वर्षं शाळेला कुलूप मीच लावलं. सकाळी उघडलं की टेबल जिथल्या तिथं, वर चिमण्यांनी केलेली घाणसुद्धा तशीच. पण मग तू सांगितलंस, एक पक्ष म्हणतो जग आहे ते आहे, आपण बघो न बघो. आणि दुसरा म्हणतो, आपल्या हाती फक्त आपलं बघणं नि ऐकणं येतं, त्यापलीकडचं जग पाहिलंय कुणी? हे ऐकलं आणि माझी झोपच उडाली. नात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आणि आजीला अंथरुणात उठून बसवते. "तत्त्वज्ञान घेऊन पोरगी करणार काय" असं विचारणाऱ्या तुझ्या बापाला मी हे ऐकवणार आहे.

आणि तुझा तो दुसरा प्रश्न, की एखादी गोष्ट खरी निघाली म्हणजे ती आपल्याला माहीत होती असं म्हणायचं का, त्याला मी इथलंच उदाहरण शोधलंय. परवा फाट्यावर बसले होते. एसटीचा हॉर्न ऐकला, म्हटलं नांदेडची बस आली. उठले तर बस खरंच आलेली. पण हॉर्न वाजला होता मागच्या केळीच्या टेम्पोचा, त्या पोट्ट्यानं हौसेनं एसटीसारखा हॉर्न बसवून घेतलाय. बस आलीय हे माझं म्हणणं खरं, पण कारण साफ चुकीचं. आता मला बस आल्याचं माहीत होतं का? तू म्हणशील नव्हतं, नुसता योग जुळला. बरोबर आहे तुझं. सरांना सांग, डोंगरकड्याच्या फाट्यावरून आलंय म्हणून.

आता रूपाबाईचं. तुला आठवते ना, लहानपणी तुला ज्वारीचा हुरडा भाजून द्यायची ती. तिला शुगर आहे, नजर कमी झालीय. गेल्या वर्षापासून तिला धान्याच्या कोठीजवळ हिरव्या साडीतली एक बाई बसलेली दिसते. तिनं भोळेपणानं ते सुनेला सांगितलं. झालं. रूपाबाईच्या नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, तीच सवत आली म्हणे. आता संतोष, तिचा पोरगा, पोळ्याच्या अमावास्येला तिला डोंगरातल्या कुठल्याशा बाबाकडे घेऊन निघालाय. तो बाबा मिरच्यांची धुरी देतो. सत्तरीची बाई, आधीच डोळे गेलेले, आणि त्या डोळ्यांना मिरचीची धुरी.

मी संतोषला बोलावून झापलं. माझा विद्यार्थी आहे तो, जीपवर निळा झेंडा लावून हिंडतो. म्हटलं, तुला लाज वाटत नाही का, आपण असल्या गोष्टी कधीच्या सोडल्या. तर त्यानं काय उत्तर द्यावं?

"बाई, तुमीच शिकवलं ना आमाला, डोळ्यानं पाहिल्याबिगर कशावर इस्वास ठेवू नका. माय डोळ्यानं पाहून राहिली. मंग आता काहून न्हाई म्हणता?"

माझंच वाक्य. दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचे मी ते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा एका पोरानं मला माझ्याच वाक्यानं हरवलं, ऐश्वर्या, आणि पोरगं तरी कसलं, सातवीत दोनदा बसलेलं.

म्हणून तुला विचारते. समज, एखाद्या माणसाला भिंतीच्या कडेनं बोटाएवढी पोरं रांगेनं जाताना दिसतात. डोक्यावर मोठाले फेटे, आवाज अजिबात नाही. खरं माणूस समोर उभं राहिलं तर त्याचं तोंड दिसत नाही, पण त्या पोरांच्या सदऱ्याची गुंडी न गुंडी दिसते. तुमच्या शास्त्रात प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण ना? मग प्रत्यक्षच लबाडी करायला लागलं तर माणसानं कुणाकडं बघायचं? सरांना विचार. माझं नाव सांगू नकोस.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आजी


डोंगरकडा,
१४ ऑगस्ट २०२५

लाडक्या ऐश्वर्या,
जय भीम.

पकडलंस तर. "आज्जी, रूपाबाईला हिरव्या साडीतली बाई दिसते असं तूच लिहिलंस. मग फेटेवाली पोरं कुणाला दिसतात?" एवढंच भरून पाठवलंस तू मोबाईलवर. मी आधी चिडले. मग मला हसू फुटलं, आणि मग जरा रडू. परीक्षेला बसलेल्या पोरांच्या चोऱ्या पकडण्यात माझं आयुष्य गेलं, आणि मला पकडलं कुणी तर माझ्याच नातीनं. तुला माझं नाक मिळालंय, आता डोकंही मिळालंय हे नक्की झालं.

हो. मला दिसतात. संक्रांतीपासून.

चष्म्याचा नंबर वगैरे सगळी थाप होती. नांदेडच्या डॉक्टरांनी मागंच सांगितलंय, डोळ्याचा पडदा झिजलाय, नंबरानं भागायचं नाही. नजरेच्या मधोमध एक डाग बसलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. हे पत्रही पट्टी ठेवून, जाड पेननं, अंदाजानं लिहितेय. विहारात वर्षावासाचं धम्मग्रंथाचं वाचन आहे ना, पावसाळ्याचे तीन महिने रोज सांजेला, ते मी इतकी वर्षं करतेय की सगळं तोंडपाठ झालंय. पान नुसतं उलटते. कुणाला शंकासुद्धा आली नाही, आणि त्यात मला थोडी मजाही वाटते.

पोरं पहिल्यांदा दिसली तेव्हा मी चहा गाळत होते. ओट्याच्या कडेनं ओळीनं निघाली, शिस्तीत, माझ्या वर्गात कधी नव्हती एवढी शिस्त. चहा सांडला. कधी पोरं दिसतात, कधी फरशीभर करडईची फुलं. आणि कसं सांगू तुला, जे खरं आहे ते धूसर दिसतं, आणि जे नाही ते लख्ख दिसतं. तू समोर उभी राहिलीस तरी तुझे डोळे मला दिसायचे नाहीत. त्या पोरांचे दिसतात.

कुणाला सांगितलं नाही. कशी सांगू? या गावात भानामतीची आवई उठली तेव्हा घरोघरी फिरून लोकांना समजावणारी मी. जरा कुणाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं, पाईकराव बाईंनाच बाहेरचं लागलं म्हणून. आणि तुझा बाप तर गाडी घेऊन दारात उभाच राहिला असता. मला पुण्याच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीला जाळी लावून, औषधाच्या वेळा सांभाळत बसायचं नाही. म्हणून गप्प होते. भीतीही होती. खरंच डोकं फिरत असेल तर? हा विचार मी दिवसा करत नव्हते, पण होता.

तुझा दुसरा निरोप ऐकला तेव्हा छातीवरचा दगड उतरला. तू स्वतः डोकं चालवून सांगून मोकळी झाली नाहीस, डॉक्टरकीला असलेल्या मैत्रिणीला गाठलंस, तिनं तिच्या मॅडमना विचारलं. डोळ्याकडून चित्र येणं कमी झालं की मेंदू रिकामा बसत नाही, आपल्या मनानं चित्र लावून देतो. नजर गेलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना असं होतं. वेड नाही, बाहेरचं काही नाही. मान न हलवता डोळे भराभरा डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, बऱ्याचदा चित्र जातं. मी लगेच करून पाहिलं. रांग निघालीच होती. डोळे फिरवले आणि भिंत कोरी झाली. मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या.

लगेच संतोषकडे गेले. सगळं समजावून सांगितलं, डोळा, मेंदू, चित्र. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, ऐश्वर्याच्या मैत्रिणीच्या मॅडमनं. तो म्हणाला, म्हंजे ऐकीव. तुमीच तर म्हणायच्या, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. असं डोळ्यानं कमी दिसणारं, पण शानं माणूस, ज्याला न्हाई ते दिसतं, असं एक तरी माणूस मला दाखवा, मंग मी बाबाकडे जात न्हाई. बराबर बोलतो का न्हाई?

बराबर बोलतो. अगदी बराबर. माझ्याच हाताखाली शिकलेलं पोरगं, पुरावा मागतंय. आणि तो मागत होता ते माणूस त्याच्या समोर उभं होतं, ऐश्वर्या, आणि मी तोंड उघडलं नाही. "बघू" म्हणून घरी आले.

रूपा ओसरीवर बसली होती. हल्ली ती बोलतच नाही. मी जवळ बसले तर म्हणाली, जाऊन येते एकदाची, घरातल्या लोकायला तरी शांती लागेल.

अर्धं गाव म्हणतं, हिला दिसतं म्हणजे तिथं कुणीतरी आहेच. उरलेलं अर्धं म्हणतं, तिथं कुणी नाही म्हणजे ही खोटं बोलते नाहीतर येडी झाली. तिला दिसतं हे खरं, आणि तिथं कुणी नाही हेही खरं, ही दोन्ही वाक्यं एका तोंडानं म्हणणारं कुणी नाही. तुमच्या वर्गात अशा माणसाला काय म्हणतात ते मला माहीत नाही. इथं तशी एकच आहे आणि तिला आपल्या नावाची पडलीय.

पोळा पुढच्या शुक्रवारी आहे. संतोषनं जीपमध्ये डिझेल भरून ठेवलंय.

तुझी,
आजी


डोंगरकडा,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय ऐश्वर्या,
जय भीम. आज जरा लांबण लागणार आहे, निवांत बसून वाच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी विहारात वाचन होतं. पाऊस उघडला होता, त्यामुळे बायाबापडे बरेच आले होते. रूपाला मी हाताला धरून नेलं आणि पुढं बसवलं. संतोष दाराशी उभा होता, उद्याच्या घाईत असल्यासारखा. मी वाचलं, म्हणजे पाठ म्हटलं, पानं उलटली. वाचन संपलं की आपल्याकडे शंका विचारायच्या असतात, आणि वाचणाऱ्यानं "पुस्तकात आहे म्हणून" असं उत्तर द्यायचं नाही, स्वतःच्या अनुभवातून द्यायचं, हा नियम मीच घालून दिलेला. त्या दिवशी कुणाची शंका नव्हती. लोक उठायला लागले.

मी म्हटलं, बसा, माझी शंका आहे.

मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं की हे मला संक्रांतीपासून वाचता येत नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या असतील. मला दिसलं नाही, पण बांगड्या वाजल्या. मग म्हटलं, आणि आत्ता, या समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून फेटेवाली बारकी पोरं रांगेनं चालली आहेत. सगळ्यांनी माना वळवल्या. मागून एक लेकरू म्हणालं, न्हाई दिसून राहिले. त्याला कुणीतरी दटावलं.

मी म्हटलं, दटावू नका, ते बरोबर बोलतंय. तिथं कुणी नाही. मला दिसतात, आणि ती तिथं नाहीत. आता मला विचारा, हे कशावरून.

शेवटी दारातून संतोषचाच आवाज आला, "कशावरून, बाई?"

जीव केवढा आनंदला माझा. मी भिंतीपाशी गेले, पोरांवरून हात फिरवला, हाताला नुसता चुना लागला. कान दिला, चालण्याचा आवाज नाही. सगळ्यांना विचारलं, एकालाही दिसत नव्हती. मग डोळे फिरवले आणि म्हटलं, गेली. एक डोळा सांगतो म्हणून खरं मानायचं नाही. हाताला विचारा, कानाला विचारा, शेजाऱ्याला विचारा, आणि सगळ्यांचं जुळलं तर माना. मग संतोषकडे तोंड करून बोलले. तुला फळ्यावरचं ते वाक्य मी अर्धंच शिकवलं रे. डोळ्यानं पाहा हे अर्धं. पाहिलेलं तपासून पाहा हे राहिलेलं अर्धं. ते आज शिकवतेय, आणि हजेरीला तू आहेस याचा मला आनंद आहे.

मी रूपाकडे गेले. विचारलं, तुझी ती बाई बोलते का कधी? म्हणाली, न्हाई. उठून चालते का? न्हाई. हात लावून पाहिलास का? म्हणाली, भ्या वाटतं, कसा लावू. आता दिसते का? तर म्हणाली, व्हय, त्या खांबापाशी येऊन बसली. बाया सरकल्या. मी म्हटलं, मान हलवू नको, नुसते डोळे फिरव, इकडून तिकडं, भराभर. रूपानं फिरवले. थांबली. परत फिरवले. मग तिनं हात पुढं केला आणि चाचपत खांबापर्यंत गेली, खांबाला खालपासून वरपर्यंत हात लावला.

"गेली," म्हणाली. आणि मग, हळूच, मला एकटीलाच विचारल्यासारखं, "म्हंजे मी येडी न्हाई?"

मी म्हटलं, "असशील तर आपण दोघी."

तिनं खांबाला टेकून जे रडायला सुरुवात केली, वर्षभराचं साचलेलं, ते थांबेना. बाया तिच्याभोवती जमल्या. आणि संतोष, तो गाढव, बाहेर जाऊन जीपच्या बॉनेटवर डोकं टेकून उभा राहिला. मी मुद्दाम त्याच्याकडे गेले नाही. मोठा झालाय, त्याचं त्यानं बघावं. सून मात्र आली आणि रूपाच्या पाया पडली. मला म्हणाली, बाई, आमाला काय माहीत. ते खरंच आहे. त्यांना माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं ती आपलं नाव जपत बसली होती.

तुला वाटेल गावानं मला नावं ठेवली असतील. ठेवली ना. पोळ्याच्या दिवशी एकीनं माझ्या दारावरून जाताना पदर सावरला. ठेवू दे. पण त्याच दिवशी तिघीजणी येऊन गेल्या, आपापल्या सासूचं, आईचं, हळूच विचारायला. मी तुझं नाव घेऊन सांगते. माझी नात शोधून काढते असल्या गोष्टी, म्हणते. फुशारकी मारते म्हण हवं तर. मारायला काही आहे माझ्याकडे, म्हणून मारते.

तुझ्या बापालाही मीच फोन करून सगळं सांगितलं, पोरांसकट. मग त्याचं ते सुरू झालं, आई, आता तर तू आलंच पाहिजेस. मी म्हटलं, भीमराज, मला गावातली वाट पायांना माहीत आहे, विहिरीचा काठ माहीत आहे, कुणाचा आवाज कुणाचा ते माहीत आहे. तुझ्याकडे मला फक्त तू माहीत आहेस. आणि इथं माझं शिकवणं चालू आहे. तो म्हणाला, ऐश्वर्यानं तुला बिघडवलं. मी म्हटलं, उशिरा का होईना, कुणीतरी बिघडवलं. मग तो हसला. पोरगी तत्त्वज्ञान घेऊन करणार काय, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही.

काल संतोषनं आम्हा दोघींना जीपमध्ये घालून नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. बाबासाठी भरलेलं डिझेल, मी त्याला आठवण करून दिली. बिचारा लाजला. डॉक्टर पोरगेलेसे होते, चांगले. त्यांनी रूपाचे डोळे तपासले, शुगरमुळं झालंय, इंजेक्शननं थोडं सावरेल म्हणाले. माझं सावरायचं नाही, आहे ते टिकवायचं. मग आम्ही दोघींनी त्यांना पोरांचं आणि हिरव्या साडीचं सांगितलं. ते खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, आजी, हे होतं बऱ्याच जणांना, पण सांगत कुणी नाही. आम्ही विचारलं तरी नाही म्हणतात. येडं ठरवतील म्हणून भितात.

रूपा हे ऐकत होती. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलो. बाहेर लांबलचक बाकावर म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या, कुणाच्या डोळ्याला हिरवा कपडा, कुणी औषधाचे थेंब घालून मान मागं टाकलेली, सगळे चिडीचूप आपल्या नंबराची वाट बघत. संतोष म्हणाला, चल माय. ती हलेना. वर्षभर घरात तोंड न उघडलेली बाई, गावाबाहेर कधी चार माणसांत न बोललेली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि भर दवाखान्यात, त्या अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं विचारलं,

"मला न्हाई ते दिसतं. मी येडी न्हाई. तुमच्यात अजून कोणाला दिसतं?"

नर्सच्या चपलांचा आवाज थांबला. संतोषचा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. मी रूपाचा हात धरला.

मग बाकाच्या पार टोकाकडून एका म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला, "मला. घोडे." आणि त्याच्या शेजारून, कुण्या बाईचा, अगदी बारीक, "मलाबी."

तुझी अभिमानी आजी,
शकुंतला अमृतराव पाईकराव
नजर अधू, डोकं शाबूत